हळदीचं मिक्सिंग

“सुले, खुंटा सोडू नगं गं, जातं रुसतंय,” असं म्हणून आई ओवी उचलायची. सुलक्षणाच्या कानात तेवढंच उरलं होतं. पुढची ओवी पाखडलेल्या कोंड्यासारखी उडून गेली होती.

आई जाऊन दोन वर्षं झाली. आता स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची सीडी करायला ती दौंडच्या रेल्वे कॉलनीतून शिरूरला आली होती. सोबत वडील, हौसराव. हळदीला आई जात्यावर गायली होती. तो आवाज सुलक्षणाला आपल्या लेकीला ऐकवायचा होता.

लग्नाचं शूटिंग केलेल्या मच्छिंद्रनं त्याच्या स्टुडिओत कॅसेट लावली. पडद्यावर जातं फिरू लागलं, आईचे ओठ हलू लागले. ऐकू मात्र सिनेमातलं गाणं येत होतं.

“हे गाणं काढा, भाऊ. खालचा आवाज द्या.” गाणं नुसतं वर पांघरलंय, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं.

“खाली काय न्हाई, ताई. मिक्सिंगला मूळ आवाज पुसला जातो.”

“आन् शूटिंगची कॅसेट?”

“तिच्यावर पुढचं लगीन घेतलं.”

तिनं रिमोट उचलून कॅसेट पुढं पळवली. मंगलाष्टकांत भटजींचा आवाज होता. बँड होता. पंगतीत मामा कढी भुरकत होते, तेही ऐकू येत होतं.

“मामाच्या भुरक्याला जागा हाय व्हय तुमच्याकडं? माझ्या आईचाच आवाज तेवढा जड झाला?”

मच्छिंद्रनं हौसरावांकडं पाहिलं. मग मान खाली घातली. “चुकलं माझं, ताई.”

“चुकलं म्हनं. तुमच्या घरात बाया गात न्हाईत वाटतं? आबा, तुम्ही तरी बोला की. तुमची कोन व्हती ती?”

हौसराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

“त्याला नगं बोलू,” ते म्हणाले. “मीच काढाय लावला. पाव्हन्यांत फिरनार व्हती कॅसेट.”

“मग फिरंना. आई वंगाळ गायची काय?”

“माझ्यावर गायली ती, सुले. भरल्या बायांत.”

“काय गायली?”

मच्छिंद्रनं टीव्ही बंद केला. हौसरावांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली. मग चाल न लावता, बाजाराचं सामान सांगावं तसं म्हणाले,

“हळद दळू बाई, पिवळी झाली पाटी
आसुडाचं वळ माझं, झाकलं चोळीपाठी.”