नऊ किलो

अपर्णाचं वजन नऊ किलोने उतरलं, तेव्हा रायपुरातल्या गुढियारीच्या बुद्धविहारात तिचं असं कौतुक झालं की वाटावं, पोरगी कलेक्टरची परीक्षा पास होऊन आली. रविवारची वंदना संपायचा अवकाश, बायांनी तिला गराडा घातला. महिला मंडळाच्या अध्यक्ष शांताबाईंनी तर तिला हाताला धरून गोल फिरवलं आणि विचारलं, "काय खाऊन राहिली व पोट्टी? आमच्या सुनेलेबी सांग ना."

"कुछ नहीं आंटी," अपर्णा म्हणाली.

तिने अगदी खरं तेच सांगितलं होतं. बाया मात्र हसल्या. पोरगी युक्ती सांगायला तयार नाही, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

पायरीशी चपला शोधणारे तिचे वडील, धर्मपाल, हे ऐकत होते. एवढ्या माणसांत पोरगी का वाळते आहे हे त्यांना एकट्यालाच कळू लागलं होतं, आणि बोलायची सोय नव्हती. ते नऊ किलो त्यांनीच उतरवले होते.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी अपर्णा आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही. नवा रायपूरच्या एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर काम करायची, रोज तेलीबांध्याहून बस पकडायची. एका सोमवारी ती अंथरुणातून उठलीच नाही, आणि पुढचे चार महिने उठली नाही. केसांत इतका गुंता झाला की तिच्या आईने, सरिताने, शेवटी कात्री लावली. शेजाऱ्यांनी झाडफूक सुचवली. पण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात असले प्रकार शिरायचे नाहीत, असं म्हणत धर्मपालनी तिला सरळ मनाच्या डॉक्टरकडे नेलं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, किती जणांत एवढी हिंमत असते? या बाबतीत माणूस शहाणा होता, हे कबूल केलंच पाहिजे.

डॉक्टर देवश्री मॅडमनी गोळ्या सुरू केल्या. दीडेक महिन्याने एका रविवारी मटणाच्या वासावर अपर्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नळी मेरी है." सरिता हातातला डाव तसाच धरून रडली. मग ऑफिस सुरू झालं, हसणं सुरू झालं, आणि खाणं तर असं सुरू झालं की चार महिन्यांची उपासमार ती व्याजासकट भरून काढत होती. बावन्न किलोची अपर्णा वर्षभरात एकाहत्तरची झाली. घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पोरगी परत मिळाली होती, जरा जास्तच मिळाली, एवढंच.

यंदा जानेवारीत दुर्गहून यशदीपकडची माणसं तिला बघायला आली. मुलगा वीज खात्यात पक्का, स्वभावाने गरीब. त्याची आई कलावतीबाई पोहे खाऊन, चहा पिऊन म्हणाली, "पोट्टी गुनाची आहे. फक्त अंगानं जराशी..." पुढचं वाक्य तिने गिळलं. असली वाक्यं पूर्ण केली तर कमी लागतात. पाहुणे गेल्यावर अपर्णा साडी न बदलता भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. धर्मपालना ते पाहवेना, आणि ज्याला पाहवत नाही तो बाप जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी शहाणपण सांगितलं.

"त्या गोळ्यानंच तू फुगून राहिली बेटा. आता बरी झाली ना? मग काहून खाते?"

"मॅडम को पूछ लूँ एक बार?"

"दुकानदार कधी म्हनते का, माल नको घेऊ म्हनून?"

स्वतःच्या या वाक्यावर ते तेव्हा खूशसुद्धा झाले होते. अपर्णाने दुसऱ्या दिवसापासून गोळी सोडली. कमी नाही केली, सोडलीच.

पहिल्या आठवड्यात तिला चक्कर यायची. मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतं म्हणायची, आणि भिंत धरून उभी राहायची. धर्मपाल म्हणाले, जुनी दवाई अंगातून निघून राहिली, निघू दे. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण माणूस एकदा घरचा डॉक्टर झाला की थांबत नाही. मग चिडचिड सुरू झाली. चहात साखर कमी पडली म्हणून पोरीने कप मोरीत आपटला, आणि नंतर तासभर त्याच कपासाठी रडली. हळूहळू चक्कर गेली, चिडचिडही गेली, घर शांत झालं. त्या शांततेत भूक केव्हा गेली ते कोणाला कळलंच नाही. मार्चमध्ये झोपही गेली.

वजनाचा काटा खाली यायला लागला तसा घरात आनंदीआनंद झाला. सरिता गोल बाजारातून मोरपंखी साडी घेऊन आली. ब्लाउज शिंप्याकडून दोनदा आत घ्यावा लागला, आणि दोन्ही वेळा ती पेढे वाटायच्या तोंडाने घरी आली. नवा फोटो दुर्गला गेला. तिकडून निरोप आला, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा येतो.

विहारातून परतल्यावर त्या दुपारी घरी मटण होतं. धर्मपालनी मुद्दाम नळी उचलून अपर्णाच्या ताटात ठेवली. ती त्या नळीकडे बघत बसली. रस्सा गार झाला, वर तुपासारखा थर आला, तरी ती बघतच होती, आणि तिच्या डोळ्यांत दोन वर्षांपूर्वीचा तो सोमवार धर्मपालना साफ दिसला. कोणाला न सांगता ते दुसऱ्या दिवशी एकटेच देवश्री मॅडमकडे गेले.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वजनाचं मला सांगायचं होतं ना काका," त्या म्हणाल्या. "गोळी बदलता आली असती. बंदच करायची तर थोडी थोडी उतरवत, महिने लावून केली असती. अशी एकदम सोडतात का?"

"आता काय करू मॅडम?"

"तिला घेऊन या."

"ते येनार नाही मॅडम."

"सत्तावीस वर्षांची आहे ती. तिला न बघता तुमच्या हाती मी चिठ्ठी देऊ शकत नाही. समजावा. आणि जिवाचं काही वेडंवाकडं बोलली, तर मात्र विचारत बसू नका. त्याच क्षणी घेऊन या."

परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर रस्त्याकडेला थांबवली आणि नुसते उभे राहिले. रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. तिथे जॅकवर उचललेली वॅगन कोणी एकदम सोडत नाही. चारही कोपऱ्यांवर माणसं उभी करतात, शिट्टी वाजते, आणि ती एक-एक इंच खाली येते. घाई करणाऱ्या पोरांना त्यांनी किती वेळा शिव्या घातल्या होत्या. लोखंडाच्या बाबतीत एवढी अक्कल, आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीत दुकानदार आणि मालाचा विनोद.

त्या संध्याकाळी त्यांनी अपर्णाला समजावलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं, मॅडमकडे गेल्याचंही सांगितलं. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आप ही ने तो बोला था, बाबा."

"चुकलो बेटा. मले काही समजत नाही त्यातलं. चल ना एकदा."

"फिर से मोटी हो जाऊँ?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "सब लोग अच्छा बोल रहे हैं. मुझे तो कुछ अच्छा नहीं लगता आजकल, ना खाना, ना टीव्ही, कुछ भी नहीं. बस ये सुनने में थोड़ा ठीक लगता है. ये भी छोड़ दूँ?"

धर्मपाल तिथून उठले. ते सरिताकडे गेले, तर तिने हात जोडले. "तुमच्या पाया पडते, रविवारपर्यंत काही काढू नका. पोरीचं जमून राहिलं. लग्न झालं, मन रमलं, की जेवते ते बरोबर." तिचंही चुकत होतं असं कसं म्हणावं? आई होती, आणि तिला काटा खाली जाताना दिसत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सहा दिवस धर्मपाल रोज ताटापाशी "दोन घास घे" म्हणत राहिले आणि ती रोज "खा लिया" म्हणत राहिली.

रविवारी ऊन रणरणत होतं. कूलर घरघरत होता. अपर्णा मोरपंखी साडीत पोह्यांचा ट्रे घेऊन आली तेव्हा कलावतीबाई खुर्चीतून अर्धवट उठलीच. "अगं बाई! हे तर दुसरीच पोट्टी आहे," ती म्हणाली आणि मुलाकडे बघून हसली. यशदीपही लाजून हसला. अपर्णाच्या हातातला ट्रे एका बाजूला कलायला लागला. सरिताने पटकन खालून हात लावला. सकाळपासून पोरीच्या पोटात अर्ध्या कप चहापलीकडे काही नव्हतं.

"आता अशीच राहायची बरं का," कलावतीबाई म्हणाली. "लग्नापर्यंत एक किलो वाढवू नको."

अपर्णाने मान हलवली. धर्मपालना ते सहन झालं नाही. ठरवून नाही, पण तोंडातून निघून गेलं.

"ते जेवत नाही."

सरिताने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरं कोणी असतं तर तिथेच थांबलं असतं. त्यांनी पुन्हा म्हटलं, "माझी पोरगी जेवत नाही, बाई. महिना झाला."

कलावतीबाई मोकळेपणी हसली. "आजकाल कोनती पोट्टी जेवते, भाऊ? चांगलं आहे ना, जिभेवर ताबा आहे. माही पोरगी पाहा, हात नाही आवरत."

"झोपत बी नाही," धर्मपाल म्हणाले.

"लग्नाची गोष्ट निघाली की उडतेच झोप," कलावतीबाई म्हणाली, आणि सगळे हसले. यशदीप तर कानापर्यंत लाल झाला.

आता एकच गोष्ट उरली होती. आजाराचं नाव घ्यायचं, गोळीचं नाव घ्यायचं. ते शब्द त्यांच्या जिभेवर आलेही. पण अपर्णा त्यांच्याकडे बघत होती. किती दिवसांनी ती कोणाकडे तरी नीट बघत होती, आणि तिचे डोळे म्हणत होते, नका. धर्मपालनी पोह्यांची बशी उचलली आणि पाहुण्यांपुढे केली. "घ्या ना," ते म्हणाले.

पाहुणे जाताना होकार देऊनच गेले. साखरपुडा मेच्या अखेरीस ठरला. सरिता शेजारी सांगायला धावली.

घरात दोघंच उरली. अपर्णा जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. साडीचा पदर पिनेसकट ओढून काढला होता. धर्मपालनी वरण-भात वाढून तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःही गुडघे धरत खाली बसले. काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मग तिने भाताचा एक घास कालवला, अगदी लहान, आणि हात तसाच ताटात ठेवून विचारलं, "बाबा, सच्ची बताओ. मैं अच्छी दिख रही थी ना आज?"

गालाची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं होतं, पावडरखालूनही दिसत होतं. पण विचारताना तिच्या तोंडावर काहीतरी जागं झालं होतं, दीड महिन्यात पहिल्यांदाच, आणि त्यांच्या उत्तरासाठी ते थांबून होतं. नाही म्हणावं तर तेही विझेल. हो म्हणावं तर हा घास असाच राहील.

"हव," धर्मपाल म्हणाले. "लय चांगली दिसत होती."

अपर्णा हसली. खरंच हसली. मग कालवलेला घास तिने बोटांनी ताटात परत पसरवला आणि ताट बापाकडे सरकवलं.