खाली यायला जागा ठेवा

मी ड्रोन बोलतोय. उडता कॅमेरा म्हणायचं तर म्हणा, पण आता उडणं संपलं. सुराबायातल्या एका नदीकाठच्या वस्तीत, सभागृहाच्या भिंतीवर खिळ्याला लटकतोय. चार हातांपैकी दोन मोडलेत. ज्याच्यामुळे मोडले तो म्हातारा रोज माझ्याखाली बसून बशीतून कॉफी फुरकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "हा आपला ड्रोन. आपणच उडवला होता."

आपणच! हे ऐकलं की वाटतं, उरलेल्या दोन पात्यांनी तरी याची बशी उडवावी.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यातला पट्टा, त्यावर माझ्यासारखे हजार. जमीनमोजणीचं काम करणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं. शहरावरून सरळ रेषेत जायचं, वळायचं, शेजारच्या रेषेतून परत यायचं, शेतात नांगर फिरतो तसं. दर दोन सेकंदांनी एक फोटो. मग ते फोटो एकाला एक जोडून नकाशा करायचा. वरून माणसं चांगली कळतात. मोडकी सायकल, फुटका माठ, मेलेल्या सासऱ्याची खुर्ची, जे जे फेकायची हिंमत होत नाही ते ते माणसं छपरावर नेऊन ठेवतात आणि त्याच्याखाली झोपतात.

सुट्टीच्या दिवशी मला लग्नांना पाठवायचे. तिथे पाऊस अडवणारे एक बाबा बोलावलेले असायचे. झाडूच्या काडीला मिरच्या आणि कांदे टोचून ते ती मांडवामागे उभी रोवायचे. पाऊस आला नाही तर बाबा थोर. आला तर, "हे भिरभिरं वर घालून ढग कोणी ढवळले?" थोरामोठ्यांशी माझी ओळख ही अशी झाली.

एकदा पतंगाच्या मांजाने माझं पातं कापलं आणि मी एका कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो. कॅमेरा जरा तिरळा झाला. कंपनीने मला भंगारात काढलं. त्याच आठवड्यात मला उडवणाऱ्या वेनिंगने नोकरी सोडली, की तिला काढलं, ते तिला आणि साहेबाला, दोघांनाही नीट माहीत नाही. एकवीस वर्षांची पोरगी, साहेबाला तोंडावर "तुमचा नकाशा चुकलाय" म्हणाली होती. निघताना "हेही घेऊन जा" म्हणत साहेबाने मला तिच्या पिशवीत कोंबलं.

वेनिंगने कॉलेजही अर्ध्यातच सोडलेलं. दोन वर्षं तिला ड्रोनची आकृती काढायला लावली, हातात ड्रोन एकदाही दिला नाही. म्हणून सोडलं. पण वस्तीत हे कोण ऐकून घेणार? वस्तीसाठी ती एकच: कॉलेज सोडलेली.

मी तिच्या घरी आलो आणि दोन महिन्यांत वस्तीला नोटीस आली. नदीकाठची पहिली रांग, एक्केचाळीस घरं, पाडायची. कारण काय, तर ही घरं थेट नदीला टेकली आहेत, मधे रस्ता नाही. वेनिंगचं घर त्याच रांगेत. रस्ता तर होता! साडेतीन मीटर रुंद गल्ली, शेवयांची हातगाडी रोज घंटा वाजवत तिथून जायची. हरकत घ्यायला सोळा ऑगस्टपर्यंत मुदत होती.

वेनिंगने कचेरीत जाऊन नकाशा पाहिला आणि घरी येऊन भिंतीवर डोकं टेकून उभी राहिली. मग मला घेऊन तडक सुगोंडोंकडे गेली. हे वस्तीचे प्रमुख, माझ्याखाली कॉफी फुरकणारे तेच. सगळे त्यांना पाकदे म्हणतात, म्हणजे थोरले काका.

"पाकदे, नकाशाच्या ठेकेदाराने विमानातून फोटो काढले ते गेल्या ऑगस्टात. तेव्हा गल्लीवर आपल्या पताका होत्या. वरून गल्ली दिसलीच नाही. त्यांना वाटलं, सगळी छपरंच आहेत."

पाकदे खूश झाले. "म्हणजे विमानातूनसुद्धा दिसल्या!"

सतरा ऑगस्ट हा इथला स्वातंत्र्यदिन. महिना लागला की घराघरांतून लाल-पांढऱ्या पताकांच्या माळा समोरच्या खांबांवर ताणायच्या, हे ठरलेलं. पण या वस्तीत त्या एवढ्या दाट ताणतात की भरदुपारी गल्लीत दिवा लावावा लागतो. आणि त्या वर्षी, नोटीस हातात असताना, पाकदेंनी माळा दुप्पट केल्या.

"काढा त्या, पाकदे. एका सकाळपुरत्या. मी वरून फोटो काढते, हरकतीला जोडू."

"सतरा तारखेच्या आधी झेंडे उतरवायचे? डोकं ठिकाणावर आहे का, नदुक?" नदुक म्हणजे पोरी, बाळे. म्हातारे हा शब्द लाडाने सुरू करतात आणि टपलीसारखा मारतात. "अगं, ज्यांच्या दारावर इतक्या पताका, त्यांची घरं कोण पाडेल? सरकारला निष्ठा दिसायला नको?"

"निष्ठाच दिसतेय, रस्ता दिसत नाहीये!"

"कॉलेज पुरं केलं असतंस तर देश कळला असता."

मी टेबलावर होतो. मला तोंड असतं तर चावलो असतो.

वेनिंगने मला तसंच उडवलं. वरून फोटो काढून त्यांना दाखवला: नदी, आणि तिला चिकटून एक लांबलचक लाल-पांढरा पट्टा. गल्लीचा मागमूस नाही. पाकदेंनी चष्मा लावला. डोळ्यांत पाणी आलं.

"किती सुंदर! हाच मोठा करून आण. हरकतीला हाच जोडू."

 मला काखेत घेऊन वेनिंग दाराबाहेर पायरीवर बसली. मुदतीला एक दिवस उरला होता.

तिच्या शेजारी बुदे तुमिराह तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळायला कापत होत्या. या पाकदेंच्या बायको, बुदे म्हणजे थोरल्या काकू. नवरा गावाला शिकवतो आणि या नवऱ्याला जेवू घालतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुरी खाली ठेवून विचारलं, "किती वेळ लागतो गं तुझ्या फोटोला?"

"दहा मिनिटं, बुदे."

"दोरी माझ्या खिडकीला बांधलीय ना? खिडकी माझी." आणि त्यांनी गाठ सोडली.

पाकदे धावत आले. "अगं, पताका जमिनीला लागतील! अपमान होईल!"

"मग धरा की. हात कशाला दिलेत?"

शेजारणीने दुसरी गाठ सोडली, मग तिसरी. पाहता पाहता एक्केचाळीस खिडक्या सुटल्या. पताका जमिनीला लागू नयेत म्हणून सगळी गल्ली बाहेर आली आणि खांबांच्या कडेला ओळीने उभी राहिली, माळा छातीशी गोळा करून. पाकदेही उभे राहिले. कुरकुरत, पण ताठ.

मी वर गेलो. इतके दिवस मी नुसती छपरं मोजली, त्या सकाळी पहिल्यांदा गल्ली पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी, साडेतीन मीटर, मधोमध ती शेवयांची गाडी. आणि नदीच्या बाजूने शे-दीडशे माणसं, लाल-पांढऱ्या ओळीत. तिरळ्या डोळ्यानेसुद्धा चुकायची सोय नव्हती. मी सहा रेषा पूर्ण केल्या.

खालून वेनिंग ओरडली, "झालं!"

तिचा अर्थ होता, फोटो झाले. मी अजून वरच होतो. पण म्हाताऱ्याला धीर कुठला? "बांधा रे!" म्हणून त्यांनी हुकूम सोडला आणि स्वतःच पहिली गाठ मारली. बॅटरी संपत आली की मी कोणाचं ऐकत नाही. जिथून उडालो तिथेच उतरतो, तशीच माझी घडण. वेनिंग किंचाळत होती, "थांबा, पाकदे, वर बघा!" पण या माणसाने सत्तर वर्षांत कोणाचं ऐकलंय? मी उतरलो तो थेट नव्या बांधलेल्या माळांमध्ये. पाती अडकली, दोन हात गेले, आणि मी लाल-पांढऱ्या गुंत्यात उलटा लोंबकळलो.

पाकदे पहिलं वाक्य काय बोलले सांगू? "पताका फाटल्या का?"

फोटो माझ्या पोटात शाबूत होते. वेनिंगने तिथेच शिडीवर चढून कार्ड काढून घेतलं आणि त्याच दुपारी हरकत दाखल केली. तीन महिन्यांनी नवा नकाशा आला. नदी आणि घरं यांच्यामधे केसाएवढी करडी रेघ होती. नोटीस मागे घेतली गेली. एक्केचाळीस घरं उभी आहेत. वेनिंग आता आजूबाजूच्या वस्त्यांचे नकाशे करते, दुसऱ्या ड्रोनने. कॉलेज सोडलेली, असं मात्र अजूनही म्हणतात.

आणि श्रेय? ते माझ्याखाली बसून कॉफी फुरकतंय.

परवा पुन्हा ऑगस्ट लागला. पुन्हा माळा, पुन्हा भरदुपारी अंधार. खिडकीतून मला गल्लीचा एक तुकडा दिसतो. बुदेंच्या दारासमोर, जिथून मी उडालो होतो, तिथे या वेळी वर चटईएवढा आकाशाचा चौकोन मोकळा आहे. वेनिंगने विचारलं, "पाकदे, हे कशासाठी सोडलंत?"

"दोरी कमी पडली," म्हातारा म्हणाला, आणि बशीत तोंड घातलं.

कोपऱ्यात दोरीचं अख्खं बंडल पडलं होतं. मला इथून स्पष्ट दिसत होतं.

पाकदे, तुमच्याकडून माफीबिफी मला नको. फक्त दरवर्षी तेवढी दोरी कमी पडू द्या.