टोपण विक्रीसाठी नाही

चीर डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागत होती. जुन्या रेडिओवर स्टेशन फिरवायचा तो पिवळसर पांढरा नॉब त्याने पुन्हा एकदा खिडकीकडे धरला, तिरका केला, अंगठ्याचं नख कडेवरून हळू फिरवलं, आणि ठरल्या जागी नख अडलं तसं त्याला बरं वाटलं. आहे. लिहिलंय तसंच आहे. सहापैकी चौथ्या नॉबला केसाएवढी चीर, पकडीला धक्का नाही – आणि पहिला फोटो त्या चिरेचाच. दोष आधी दाखवायचा, चांगलं मागाहून. ही त्याच्या बायकोची पद्धत. घेणाऱ्याला दोष नंतर सापडला तर तो आपल्याला चोर समजतो, ती म्हणायची, आणि आधी दाखवला तर घरचा माणूस समजतो.

समोर पडद्यावर लिलाव संपायला नऊ मिनिटं राहिली होती आणि सत्तावीस बोल्या लागल्या होत्या. सत्तावीस! सहा नॉबना! तीन दिवस तो त्यांना दंतमंजनाची पेस्ट आणि जुनी बनियन घेऊन बसला होता, एकेका खाचेतला मळ काडीने काढत, पितळेच्या कड्या वेगळ्या करून, घासून, परत बसवून… बोटं दुखली होती, पण ते दुखणं ओळखीचं होतं. एकतीस वर्षं रेडिओदुरुस्तीच्या दुकानात काढली तेव्हाचं. दुकान बंद झालं त्या दिवशी मालक म्हणाला होता, “काय न्यायचं ते ने, उरलेलं भंगारात देतो,” आणि तो नऊ खोकी घेऊन घरी आला होता, दारात अपराध्यासारखा उभा राहिला होता. ती शिवणावरून उठून आली. खोक्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

“अहो, म्हणजे दुकान बंद झालं, की इकडे उघडलं?”

तेच तिने खरं केलं. मुलीकडून शिकून घेतलं, लिलावाच्या साइटवर ‘नीटस’ नावाने खातं काढलं, आणि जगात कुठे कुठे कोणाच्या तरी जुन्या रेडिओला जो एक नॉब, जो एक काटा, जी एक स्प्रिंग कमी पडत होती ती या दोन खोल्यांतून जायला लागली. तो दुरुस्त करणार, ती फोटो काढणार, लिहिणार, बांधणार. अकरा वर्षं. अकरा वर्षांत एक वाईट शेरा नाही, एक सौदा रद्द नाही. पार्सल बांधून झालं की ती ते कानाशी धरून हलवायची, अगदी डॉक्टरीण असल्यासारखी. आत खुट् झालं की पुन्हा उघडायची. शंभरदा तो म्हणाला असेल, अगं, नॉबच तो, फुटतोय कशाला. “फुटत नाही हो,” ती म्हणायची, “पण वाटेत एकटा पडल्यासारखा वाजत जातो.”

ती गेली त्याला आठ महिने झाले.

तिने काढून ठेवलेले फोटो होते, लिहून ठेवलेला मजकूर होता, तेच एकेक करून त्याने लावलं, विकलं. गेल्या महिन्यात ते संपलं. हा सहा नॉबचा संच म्हणजे पहिला, ज्यात तिचं काही नव्हतं. फोटो त्याचा, मजकूर त्याचा. दहा ते अकराच्या उजेडात, खिडकीच्या कट्ट्यावर, तिच्याच राखाडी कापडावर मांडून – सगळं तिच्यासारखं, पण त्याने केलेलं. आणि सत्तावीस… तेहतीस… शेवटच्या मिनिटाला दोघंजण एकमेकांना सोडेनात, आकडा डोळ्यांदेखत उड्या मारत होता, आणि तो खुर्चीच्या टोकावर, मांडीवर मूठ आपटत, घरात कोणी नसताना मोठ्याने म्हणाला, “या! अजून या!”

एक्केचाळीस बोल्यांवर लिलाव संपला. त्याने लगेच मुलीला फोन लावला.

“एक्केचाळीस,” तो म्हणाला.

“काय एक्केचाळीस? ताप आहे का बाबा?”

“बोल्या गं! माझ्या नॉबना. तुझ्या आईच्या कुठल्या मालाला एवढ्या लागल्या होत्या सांग.”

“अरे वा!” ती हसली. “आईला हे ऐकवायचं धाडस झालं असतं तुम्हाला?”

“नसतं झालं,” तो म्हणाला, आणि तोही हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या नावापाशी तो अडखळला नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. “थांब, घेणाऱ्याचा निरोप आलाय. वाचतो. ‘निवांत’ असं नाव लावलंय बघ त्याने… ‘अखेर मिळालं! नॉब नाही पाठवलेत तरी चालेल, माझ्याकडे रेडिओ नाही. टोपण मात्र जपून गुंडाळा.’”

पलीकडून मुलीने विचारलं,

“बाबा, टोपण म्हणजे… आईचं?”

त्याने फोटो उघडला. सहा नॉब दोन ओळींत, आणि डाव्या कोपऱ्यात तिचं शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण. आकार कळावा म्हणून. ती प्रत्येक फोटोत ते ठेवायची, म्हणून त्यानेही ठेवलं होतं, कापड अंथरल्यावर हात आपोआप तिच्या शिवणाच्या डब्याकडे गेला होता. आणि प्रत्येक मजकुराच्या शेवटी ती एक ओळ लिहायची – ‘टोपण विक्रीसाठी नाही, आकार कळावा म्हणून ठेवलं आहे’ – ती ओळ त्याने अकरा वर्षं इतक्या वेळा पाहिली होती की ती त्याला दिसायचीच बंद झाली होती. स्वतः लिहायला बसला तेव्हा चीर लिहिली, कड्या लिहिल्या, भोकाचं माप लिहिलं. मजकूर चारदा तपासला. मी. चारदा. आणि ती ओळ नाही.

एक्केचाळीस बोल्या एका टोपणाला होत्या.

“चूक झाली म्हणून लिहा आणि रद्द करून टाका,” मुलगी म्हणत होती. “लोक उठसूट करतात. एक रद्द दिसेल खात्यावर, दिसू दे.”

“आपण नाही करत.”

“मग दुसरं घ्या बाजारातून. पितळी टोपण काय, कुठेही मिळेल.”

“फोटोत आहे तेच खोक्यात जातं,” तो म्हणाला. हेही तिचंच वाक्य होतं, आणि ते आपल्या तोंडून इतकं ताडकन गेलं याचं त्याला नवल वाटलं.

“बाबा, आईचं टोपण तुम्ही देणार?”

“ठेव फोन,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “जेवलीस का?” पण तोवर त्यानेच फोन ठेवला होता.

त्याने नॉब बांधायला घेतले. सहा कागद, सहा पुड्या, मध्ये कापूस. हात चालत होते. टोपण टेबलावर पालथं पडलं होतं. ते त्याने बोटात घालून बघितलं – करंगळीच्या पहिल्या पेरापाशीच अडलं. एवढंसं बोट होतं तिचं? त्या बोटाने एवढं शिवलं? टोपणाच्या एका अंगाला सुई टोचून टोचून पत्रा पातळ झाला होता, आणि एक दिवस सुई आरपार तिच्या बोटात गेली होती. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. त्याने ते टोपण खिशात घालून दुकानात नेलं, भोकावर सोल्डरचा थेंब सोडला, घासून बसवला, संध्याकाळी आणून दिलं. तिने उजेडात धरून बघितलं. “बेडूक बसलाय वर,” ती म्हणाली. बस्स. दुसरं घेऊन येतो म्हणाला तर म्हणाली, “राहू द्या, बेडूक तर बेडूक.” तो दोन दिवस फुरंगटला होता. दुकानातले जाळीसारखे बारीक जोड गिऱ्हाईक भिंग लावून बघायचे आणि मान हलवायचे, आणि घरात बेडूक!

हा निवांत कोण? टोपणासाठी एवढा कोण पेटला? निरोप जपून ठेवायची जागा होती खात्यात, तिथे तिची जुनी बोलणी होती. आठ महिन्यांत त्याने ती उघडली नव्हती. तिची पर्सही त्याने अजून उघडली नव्हती, कपाटात तशीच टांगलेली होती, आणि हे तसंच काहीतरी वाटायचं. पण आज कारण होतं. कामाचं कारण. त्याने नाव टाकलं आणि सहा वर्षांपूर्वीचा निरोप वर आला.

निवांत: ‘फोटोतलं टोपण द्याल का? मी टोपणं जमवतो.’

तिचं उत्तर: ‘नाही हो. ते इथे नोकरीला आहे.’

पुढच्या वर्षी पुन्हा. ‘निवृत्त झालं का?’ – ‘नाही. बढती मिळाली.’ वाचता वाचता तो फसकन हसला, कारण हे ती त्याला कधीच बोलली नव्हती, हे सगळं ती इथे बसून, तो आतल्या खोलीत जोड झाळत असताना, एका अनोळखी माणसाशी… आणखी एक वर्ष. मग निवांतने जरा सविस्तर विचारलं होतं: ‘एक विचारू? त्यावर डाग दिलेला दिसतो. दुरुस्त केलेलं टोपण मी आजवर पाहिलं नाही. लोक टाकून देतात. म्हणून हवंय.’

आणि ती:

‘म्हणूनच नाही देत. त्याला भोक पडलं होतं. आमच्या घरात एक मेकॅनिक आहेत, त्यांनी बुजवलं. बावीस वर्षं झाली, सुई परत आरपार गेली नाही. नवं टोपण घेतलं असतं तर चार वर्षांत गेलं असतं. खरं सांगायचं तर मापासाठी पट्टीसुद्धा ठेवता येते फोटोत. पण असलं काम डब्यात ठेवायचं नसतं, चारचौघांत दाखवायचं असतं. त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील.’

त्याने ते एकदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग जुने फोटो उघडले – तिने काढलेले, हजारावर – स्प्रिंगा, काटे, कड्या, सगळं आलं आणि गेलं, आणि डाव्या कोपऱ्यात दर वेळी टोपण. दर वेळी सोल्डरचं अंग पुढे. एकाही फोटोत ती बाजू मागे नव्हती. त्याने पन्नास बघितले, शंभर बघितले. एकाही नाही.

चारला घंटी वाजली. कुरिअरवाला. अकरा वर्षं याच वेळेला येणारा, आता केस पिकलेला.

“द्या काका. काय एवढंसंच आज?”

“आज नाही. उद्या ये.”

“उद्या?” तो दारातच थांबला. “या घरातून उद्या? पावसात गुडघाभर पाण्यातून बोलावलंय मला काकूंनी, एका स्प्रिंगसाठी. म्हणाल्या, तिकडे कोणाचा तरी रेडिओ मुका बसलाय.”

“ती म्हणायची तसं.”

“मग?”

“मग काही नाही. एक पत्र लिहायचंय सोबत. ते झालं नाही.”

“लिहा, लिहा,” कुरिअरवाला जिना उतरता उतरता म्हणाला. “तुम्हाला दोन ओळींना दोन दिवस लागतील. काकूंचं बरं होतं, झटपट.”

“तिचं सगळंच बरं होतं,” तो रिकाम्या जिन्याला म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज खाली गेला नाही. उलट वर गेला, शेजारच्या दारापर्यंत जाईल इतका.

तो परत येऊन बसला. उत्तराची चौकट उघडली. रद्द करतो असं लिहायचं होतं, किंवा पाठवतो असं, आणि दोन्हींत तिचाच शब्द मोडत होता – फोटोतलं खोक्यात गेलं पाहिजे, हा तिचा शब्द, आणि देत नाही, हाही तिचाच. पण या माणसाला आधी हे तरी कळलं पाहिजे की तो सहा वर्षं जिच्याशी बोलत होता ती आता नाही. एका बोटाने, अक्षर शोधत, त्याने लिहिलं: ‘माझी पत्नी आठ महिन्यांपूर्वी वारली.’ हे त्याने कोणालाच लिहून कळवलं नव्हतं, सगळं मुलीने केलं होतं. वाक्य पडद्यावर अगदी साधं दिसत होतं. आणि अपुरं. वारली – पण कोण वारली, हे त्यात कुठे होतं? म्हणून त्याने पुढे लिहिलं की ती दोष आधी दाखवायची. मग ते पार्सल कानाशी धरण्याचं. मग हे, की तिने बांधलेली एकही वस्तू अकरा वर्षांत फुटली नाही, एकही, काचेच्या डायल पाठवल्या तरी. मग हे, की तिने चिकटपट्टीचं टोक नेहमी दुमडून ठेवलेलं असायचं, उघडणाऱ्याला नखाने उकरावं लागू नये म्हणून. तुमच्यापर्यंत कधी पार्सल आलं असतं तर कळलं असतं. मग, की शिकली सातवीपर्यंत, पण तिच्या मजकुरात तुम्ही एक जादा शब्द काढून दाखवा.

बोट थांबेना. उन्हाचा पट्टा कट्ट्यावरून खाली उतरून फरशीवर आला होता. टोपणाबद्दल अजून एक अक्षर लिहून झालं नव्हतं, त्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. चौकटीखालचा आकडा लाल झाला होता – निरोप मर्यादेपेक्षा मोठा आहे, दोनशे चौदा अक्षरं कमी करा, असं यंत्राचं म्हणणं होतं. बरं, करू या कमी. काय काढायचं? चिकटपट्टी? डायल? त्याने खुर्ची पुढे ओढली, पाठ सरळ केली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, काढायचं ते काढावं म्हणून… अर्ध्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण मोठ्याने वाचतो आहोत, सावकाश, एखाद्याला ऐकवावं तसं, आणि यातलं एक अक्षरही काढायची आपली इच्छा नाही.