मला हळद वाहू नका

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, गेलेले दिवस आठवून डोळे टिपावेत, अशी तुमची अपेक्षा असेल. ते माझ्याच्याने होणार नाही. धारूरच्या या घरात दरवर्षी खंडेनवमीला माझी पूजा होते आणि त्या पूजेचाच मला संताप आहे. का, ते ऐका.

मला मुंबईत एका गोवेकर सुताराने घडवलं. तिथून मी माझे पहिले वादक पेद्रू मास्तर यांच्याबरोबर सिकंदराबादच्या छावणीत, गोऱ्या अंमलदारांच्या नाचघरात गेले. तिथे जॅझ वाजत असे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं हे संगीत मोठं खेळकर. चाल एकदा वाजवून झाली की वाजवणारा तिला आपल्या मनाने रानोमाळ फिरवतो आणि पुन्हा घरी आणून सोडतो. त्या नाचघरात धारूरचा उत्तरेश्वर भांडी घासायला होता. शेतात मन लागत नाही म्हणून थोरल्या भावाशी भांडून आलेला. भांडी घासता घासता त्याचा पाय ठेका धरायचा. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्याला शिकवायला घेतलं. पुढे मास्तरांची बोटं वाताने आखडली, तेव्हा त्यांनी मला त्याच्या हवाली केलं.

काय हात होता त्याचा. धारूरला त्याची विधवा बहीण छबुबाई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. जात्यात दाण्यांची मूठ टाकताना दळणारीचा हात जरा थबकतो, ती थबक त्याने माझ्या तारांत आणली. पियानो वाजवणारे, तुतारी फुंकणारे, सगळे त्या थबकीवर मान डोलवायचे आणि साहेब-मडमा नाचायच्या. पुढे लोक नाचघरात त्याचं नाव विचारत येऊ लागले. पण त्याच्या मनात एकच होतं. थोरल्या भावाने, भगवानरावांनी, एकदा ऐकावं.

दसऱ्याला तो मला घेऊन घरी आला. भगवानराव ओसरीवर चार माणसांत बसले होते.

"दादा, एकदा ऐका की," तो म्हणाला.

"कशाला ऐकू रं? शेत टाकून तुणतुणं धरलंस. चारचौघांत नाक कापलंस माझं. ने ते गोठ्यात."

तो गोठ्यात गेला. मी त्याच्या मांडीवर होते, मला सगळं कळत होतं. छबुबाई शेण भरत होती. त्याने तिची ओवी वाजवली. ती तशीच शेणाच्या हातांनी उभी राहिली.

"अरं, माझा हात जिथं थांबतो तिथंच ही बी थांबली की," ती म्हणाली. मग हात धुऊन ती जवळ बसली आणि त्याने तिची बोटं माझ्या तारांवर ठेवून ती चाल तिला शिकवली.

मित्रांनो, तो दर दसऱ्याला आला. दरवेळी त्याने विचारलं आणि दरवेळी त्याला गोठा दाखवला गेला. मग एका साली प्लेग आला आणि सिकंदराबादेत उत्तरेश्वर गेला.

त्याचा एक सोबती मला परत घेऊन आला. परळीपर्यंत आगगाडीने, पुढे बैलगाडीने. कोट घातलेल्या त्या माणसाने ओसरीवर बसून सांगितलं की मोठमोठे अंमलदार उत्तरेश्वरचं नाव काढायचे. ते ऐकून भगवानराव ताठ बसले. माझ्यासाठी ओसरीवर खुंटी ठोकली गेली. येईल त्याला ते सांगू लागले, "माझा भाऊ लई मोठा वाजिवणारा व्हता." बैल गेला नि झोपा केला.

खंडेनवमीला मला नांगर-कोयत्यांच्या ओळीत मांडून पाण्याने धुवायचे. हळद, तेल, वर अक्षता. त्या अक्षता माझ्या पोटात पडून कुजल्या, त्यांत किडे झाले. तारा गंजल्या.

"दादा, तिला पाणी घालू नका, लाकूड फुगतं," छबुबाई म्हणायची. "द्या, मी पुसून ठिवते."

"बाईमाणसानं हात लावायचा न्हाई. देव हाय आता ती."

देव म्हणे. अहो, मला खाज सुटली होती वाजण्याची.

यंदाच्या खंडेनवमीला तहसीलदार घरी आले. माझ्याकडे पाहून ते उठूनच उभे राहिले. "भगवानराव, तुमच्या भावाला आम्ही सिकंदराबादेत ऐकलंय. माशाल्ला, काय हात होता. घरात कुणी वाजवतं का? जरा ऐकवा."

भगवानराव इकडे तिकडे पाहू लागले. तेवढ्यात छबुबाई पदर सावरत स्वयंपाकघरातून आली. कुणालाही न विचारता तिने मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि बोटं बरोबर जागेवर ठेवली. इतक्या वर्षांनी माझ्यावर वाजवण्यासाठी हात आला होता. मी सगळा जीव एकवटला. एक तार तुटली. बाकीच्या नुसत्या खरखरल्या. माझ्या पोटाची शिवण उकलली आणि काळ्या पडलेल्या अक्षता तिच्या लुगड्यावर सांडल्या. माझ्या तोंडून ओवीचा एकही सूर निघाला नाही.

कुणी हसलं नाही.

"तो गोठ्यात वाजवायचा, तवा तुमी हितंच बसायचे, दादा," छबुबाई म्हणाली. "मधी एक भिंतच व्हती."

भगवानराव हळूच म्हणाले, "ऐकू येत व्हतं मला. लई चांगलं वाजवायचा."

मित्रांनो, हे मी तेव्हा ऐकलं आणि माझ्या उकललेल्या पोटात आग पेटली. ऐकू येत होतं. आवडतही होतं. आणि तो बिचारा वर्षामागून वर्ष गोठ्यात बसून एका शब्दाची वाट पाहत मरून गेला.

आता मी छबुबाईच्या खोलीत, जात्याशेजारी असते. तिने माझी हळद पुसली, किडे झाडले. तहसीलदारांनी हैदराबादेहून नव्या तारा पाठवतो म्हटलं आहे. येतील तेव्हा येतील. भगवानराव दाराशी येतात, मला बघतात आणि परत जातात. मी त्यांना क्षमा केलेली नाही.

तुमच्या घरात कुणी वाजवत असेल, गात असेल, तर भिंतीपलीकडे बसू नका. उठा, त्याच्याजवळ जाऊन बसा. चांगलं वाटलं तर त्याच्या तोंडावर सांगा. तो आहे तोवर सांगा. नंतर ते मला सांगून काय उपयोग? मी लाकूड आहे.