दहा जणींची कुपी

दवाखान्यात सगळे तिला थेंब सिस्टर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. लसीचा एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, हा तिचा बाणा. नवी लस आली गरोदर बायकांसाठी. टोचायची आईला आणि राखण व्हायची बाळाची, कारण जन्मल्या जन्मल्या रक्तात शिरणारे जंतू बाळाला डोळे नीट उघडायचीही सवड देत नाहीत. एका कुपीत दहा जणींची लस. उघडली की सहा तासांत संपवायची, उरली तर फेकायची. महिन्याला कुप्या मिळायच्या तीन. म्हणून नियम असा की बाकावर निदान सहा जणी बसल्याशिवाय कुपी उघडायची नाही.

त्या मंगळवारी बाकावर तिघीच होत्या, आणि त्यातली एक सिस्टरची सख्खी भाची. आई गेल्यापासून तिला सिस्टरनेच लहानाची मोठी केलेली. आठवा महिना लागलेला, पाय सुजलेले, दोन जिने चढून धापा टाकत आलेली.

"मावशी, टोच ना पटकन. घरचीच तर आहे मी."

"घरची म्हणूनच नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं माझ्याकडे चालत नाही. पुढच्या मंगळवारी ये."

"धन्य आहे तुझी," भाची हसली आणि जिना उतरून गेली. सिस्टर दिवसभर स्वतःवर खूश होती.

पुढच्या मंगळवारी सात जणी जमल्या. भाचीला टोचलं. नवव्या दिवशी, दिवस भरायच्या पाच आठवडे आधीच, तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी ती दूध ओढेना, अंग गार पडलं, छाती भात्यासारखी खालीवर व्हायला लागली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रक्तात जंतू सापडले.

"पण लस दिली होती, डॉक्टर," सिस्टर म्हणाली.

"कधी?"

"नऊ दिवस आधी."

"सिस्टर, तुम्हाला मी काय सांगायचं? लसीचं बळ बाळापर्यंत पोचायला दोन आठवडे तरी मिळायला हवे होते."

सांगायची गरज नव्हतीच. आदल्या मंगळवारी टोचलं असतं तर सोळा दिवस झाले असते. पेटीला हात लावून ती उभी राहिली. इतक्या बायकांना तिने हेच दिवस मोजून सांगितले होते आणि पोटच्या पोरीसारख्या पोरीला मात्र हसत हसत परत पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी बाळ गेलं.

भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून तिने विचारलं, "त्या दिवशी टोचलं असतंस तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. सिस्टरला ते जमलं नाही. "बहुतेक वाचली असती."

भाची रडली नाही, ओरडली नाही. तसं झालं असतं तर परवडलं असतं. "मावशी, तू घरी जा," ती म्हणाली. "आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

तिने बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात सिस्टरने नियम झुगारला. पहिल्या मंगळवारी दोघीच आल्या, तिने कुपी उघडली. दुसऱ्या मंगळवारी चौघी, तिसऱ्या मंगळवारी तिघी. उरलेली लस तिने स्वतःच्या हाताने फेकली. वरून फोन आला, "अहो, तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती." तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. निदान एकाही बाईला जिना फुकट चढावा लागला नाही, एवढंच तिला वाटायचं.

चौथ्या मंगळवारी अकरा जणी आल्या. बाक पुरेना, दोघी जिन्याच्या पायरीवर टेकल्या. सिस्टरने लसीची पेटी उघडली. आत नुसता बर्फ होता. उसनी मिळते का म्हणून तिने तीन दवाखान्यांना फोन केले. त्यांच्याही कुप्या मोजक्याच होत्या, आणि तिथल्या सिस्टर नियम पाळणाऱ्या होत्या.

"या महिन्याची लस संपली," ती म्हणाली.

"असं कसं संपली?" पुढची बाई पोटावर हात धरून उठली. "मला पुढच्या आठवड्यात नववा लागतोय. कुणाला दिलीत आमची?"