गौरीचे हात

मुरुडच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या वाडीत गौरीला हात लावतात ते कळलावीच्या फुलांचे. पाकळ्या लाल-पिवळ्या, बोटांसारख्या वर वळलेल्या. फूल खुडायचं, कंद उकरायचा नाही. दारात तर लावायचाच नाही, घरात भांडण लागतं. हा नेम पाळण्यात सोनूबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

श्रीवर्धनला दिलेली लेक तेजस्वी गेल्या गौरीला माहेरी आली ती डोंगरावरचा कंदच खणून घेऊन. "आये, तुझे गुडघे गेले. आता दारातच फुलं घे."

शेजारणी बघत होत्या. बघणारं कोणी असलं की सोनूबाईचा आवाज चढायचाच. "सासरी भांडतेस ते पुरलं न्हाय? आता माझ्या दारात पेरतेस?"

कंद उकिरड्यावर गेला. तेजस्वी न जेवता एसटीत बसली, मग वर्षभर तिचा फोनही नाही.

वाडीत मात्र सोनूबाईचं वजन वाढलं. "दारात नुसता आणला, तर मायलेकी तुटल्या!" शेजारची भागुबाई ज्याला-त्याला सांगे आणि सोनूबाई मान डोलावी. नवरा नामा तेवढा म्हणाला, "कंद मुका गं. बोललीस तू."

यंदा गौरी आणायच्या दिवशी श्रीवर्धनची एसटी आली. कोणी उतरलं नाही. सोनूबाई गुडघे धरत डोंगर चढली. वेलाच्या जागी खड्डा, खड्ड्यात पाणी.

रिकामी परतली, तर उकिरड्यावरच्या एरंडाला पानांच्या शेंड्यांनी घट्ट धरून वेल चढलेला. फुललेला.

"रोज शेण टाकता इथं. सांगितलं न्हाय?" तिने नामाला विचारलं.

"सांगितलं असतं तर उपटला असतास," नामा म्हणाला.

सोनूबाई फुलं खुडू लागली. कुंपणापलीकडून भागुबाईने हटकलंच, "अगो, ही दारातली ना?"

"व्हय. माझ्या लेकीने आणलेली."

मग तिने फोन लावला. उचलला जावयाने. मागून ओळखीचा आवाज आला, "सांगा, घरी न्हाय."

"मामी, ती... घरी न्हाय."

"बरं," सोनूबाई म्हणाली. "आली की सांगा, तिची फुलं फुललीत."

गौरीला हात लागले. सोनूबाईने घावने दोन पानांवर वाढली. एक गौरीपुढे ठेवलं. दुसऱ्यावर नामाने, निवू नये म्हणून, टोपली पालथी घातली.