हामूंगाच्या टेकाडावरचा खुंटा

मित्रांनो, खुंट्याने रागावू नये असा काही नियम नाही. तेव्हा आज मला जरा रागावू द्या. मी एक जुना लोखंडी खुंटा आहे. उंची तुमच्या कमरेइतकी, अंगावर गंज, डोक्यावर पितळी चकती आणि चकतीवर एक फुली.

चोमा शहरातल्या रेल्वे कारखान्यात मोडीत निघालेल्या सळईचा मी एक तुकडा. माझ्या भावंडांपैकी कोणी फाटकाची कडी झाले, कोणी नांगराचा फाळ. मी नुसताच पडून होतो. मग एक दिवस हॅलम नावाचे एक गोरे साहेब आले. त्यांनी मला हातात तोलून पाहिले आणि हामूंगा गावाला नेले. गावाशेजारी पांढरीचे टेकाड होते. फार पूर्वी तिथे माणसे राहून गेली होती, आणि साहेबांना तिथे उत्खनन करायचे होते. त्यांनी मला टेकाडाच्या उतारावर ठोकले, पायाशी सिमेंट ओतले आणि डोक्यावर फुलीची चकती बसवली.

तेव्हापासून तिथे जे जे सापडले ते माझ्यापासून मोजले गेले. मातीचा इवलासा बैल माझ्या पूर्वेला किती आणि खाली किती, जळक्या ज्वारीचे दाणे कुठे, तांब्याचे कडे कुठे. फुटके मडके कुठल्या थरात होते हे ठाऊक नसेल तर ते नुसते फुटके मडके राहते, मित्रांनो. थर कळला की मग कळते, इथे कोण केव्हा राहत होते आणि चुलीवर काय शिजवत होते. साहेबांनी मुद्दामच अर्धे टेकाड खणले. निघताना ते सगळ्यांना म्हणाले, "उरलेलं पुढच्यांसाठी. ते आपल्यापेक्षा शहाणे असतील. ते याच खुंट्यापासून मोजतील, तेव्हा याला कोणी हलवायचं नाही."

त्या दिवशी माझी छाती फुगली. खुंट्याला छाती नसते हे मला माहीत आहे, पण फुगली.

चर बुजवले गेले. कागद, नकाशे, फोटो पेट्यांत भरून संग्रहालयात गेले आणि मी पुढच्यांची वाट पाहू लागलो. शेळ्या माझ्यावर अंग घासत. बायका कुदळीची माती माझ्यावर झटकत. मुलांना फुटबॉलसाठी मी आयता खांब मिळालो होतो. मग डांबरी रस्त्याकडेला बोअरचे पाणी लागले आणि सगळे गाव उठून तिकडे राहायला गेले. जाताना नावही घेऊन गेले. आमच्याकडे गावाला गावप्रमुखाचे नाव असते. प्रमुख वारला की त्याचा भाचा त्याच्या जागी बसतो आणि तेच नाव लावतो. म्हणून हामूंगा कधी मरत नाही, आणि जिथे हामूंगा तिथे हामूंगाचे गाव. मागे टेकाड उरले, मक्याचे शेत उरले आणि मी उरलो.

गुरे राखायला एक म्हातारा यायचा, त्याच्या रेडिओवर मी एकदा बातमी ऐकली. संग्रहालय म्हणे आपल्या सगळ्या प्रांतातल्या उत्खननांचे जुने कागद संगणकात भरत होते. कोणीही नाव टाईप करावे आणि काय, कुठे, किती खोल सापडले ते घरबसल्या पाहावे. नवे बांधकाम करणाऱ्याने आधी तिथे शोधायचे, असाही नियम झाला होता. मित्रांनो, मला इतका आनंद झाला! म्हटले, आता माझी आठवण होणार. आता कोणीतरी टेप घेऊन येणार.

आला तो रस्त्याचा इंजिनियर. नवा रस्ता उंच करायला त्याला माती हवी होती. ऊन मी म्हणत होते. त्याने डोक्यावरची टोपी काढली, माझ्यावर अडकवली आणि फोनवर शोधू लागला. शोधून झाल्यावर बरोबरच्या माणसाला म्हणाला, "इथं काही नाही. सगळ्यात जवळचं ठिकाण हामूंगा, आणि ते पार तिकडं डांबरी रस्त्यावर आहे. करा सुरू."

काही नाही! आणि टोपी कशावर अडकवली होतीस रे बाबा? ज्या खुंट्यापासून तो सगळा नकाशा मोजला, त्याच्या डोक्यावर! मी ओरडलो असतो, पण देवाने मला डोके दिले, तोंड दिले नाही.

मशीन आले. चालक मुन्साका, स्वभावाने वाईट नव्हता. साहेबांनी खणलेल्या अर्ध्या बाजूनेच त्याने सुरुवात केली, कारण ती बाजू वाटेला लागून होती. रोज ट्रक भरून जात. बुजवलेले चर गेले, त्यांच्या कडा गेल्या. मग एका सकाळी मशीनचा दात माझ्या सिमेंटवर आपटला. मुन्साकाने शिवी हासडली, मला साखळी बांधली, उपटले आणि बाभळीखाली फेकून दिले. मी ज्या जागेवर होतो त्या जागेवरून त्याने पुन्हा पुन्हा मशीन फिरवले. दुपारपर्यंत तिथे खड्डाही दिसेना, नुसती सपाट जमीन.

आणि त्याच दुपारी, मित्रांनो, माझी माणसे आली.

पुढे बिना चोल्वे, म्हणजे चोल्वेची आई. लहानपणी माझ्यावर अंगठा फोडून घेतलेल्या पोरींपैकी ही एक. मागे संग्रहालयातली नचिमुन्या, संगणकात नोंदी भरणारी मुलगी. बिना चोल्वे वाटेपासून बोलतच येत होती, त्यातूनच मला सगळा प्रकार कळला. तिने नव्या गावात पिठाची गिरणी घालायला घेतली होती. विटा आल्या, इंजिन आले, आणि मग तालुक्यातून नकार आला. तिच्या अंगणात म्हणे प्राचीन वस्ती होती आणि तिथे खणायला बंदी होती.

"माझ्या अंगणात प्राचीन काय असेल तर माझी सासू," ती म्हणत होती. "कागदात खुंटा लिहिलाय म्हणालीस ना? माझ्याकडं कुठला खुंटा? तो इथं आहे. चल, दाखवते."

मग तिला मशीन दिसले. ती थांबली.

"ए हत्ती!" ती मुन्साकावर ओरडली. तो हत्तींच्या कुळीतला, ही बोकडांच्या, आणि या दोन कुळींना एकमेकांची वाटेल तशी थट्टा करायची मुभा आहे. "एवढं मोठं धूड, आणि डोळे उंदराचे! इथला खुंटा कुठाय?"

"बोकडीनं आल्या आल्या शिंगं उगारली का?" मुन्साका मक्याच्या आंबट चिब्वांतुचा घोट घेत हसला. "तिथं टाकलाय, बाभळीखाली. दात मोडला माझा त्यानं. घेऊन जा, शेळी बांधायला होईल."

नचिमुन्या धावत आली. तिने माझ्या चकतीवरची माती पुसली, फुली पाहिली आणि माझ्याशेजारी खाली बसली.

"मी हामूंगा शोधलं," ती म्हणाली. "कागदात लिहिलं होतं, गावप्रमुख हामूंगाच्या घरापासून उत्तरेला दोनशे पावलं. मी नकाशावर हामूंगाचं घर बघितलं आणि मोजून ठिपका ठेवला."

"पोरी, तुला तुझ्या आजीचं नाव दिलंय ना?"

"हो."

"मग कोणी तुझ्या आजीला भेटायला तुझ्या ऑफिसात येतं का?"

नचिमुन्याने सपाट केलेल्या जमिनीकडे पाहिले. तिने विचारले, "रोज ट्रक भरून माती जातेय, तुम्हाला माहीत असणारच. आधी का नाही सांगितलंत?"

बिना चोल्वेने कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकाने तोंड पुसले. "खरं सांगू? नवा रस्ता हवा होता गं. रस्ता आला की गिरणीला गिऱ्हाईक येणार. म्हटलं, जाऊ दे थोडी माती." मग तिने मला दोन्ही हातांनी उचलून उभे धरले. "पण हा आहे ना धडधाकट! ठोक परत."

"कुठे?" नचिमुन्याने विचारले. "जुनं घर नाही, चरांच्या कडा नाहीत. मोजू कशापासून?"

बिना चोल्वे चार पावले इकडे गेली, चार तिकडे गेली. मुन्साकाने खाली उतरून बोट दाखवले, मग त्याने स्वतःच बोट मागे घेतले. मला माहीत होते कुठे. मी सांगू शकत नव्हतो.

काम थांबले. न खणलेले अर्धे टेकाड वाचले. नकाशावरचा ठिपका हलला आणि गिरणीही सुरू झाली. पण उरलेल्या टेकाडाची जुन्या नकाशांशी गाठ मारणारा मी आता संग्रहालयाच्या फळीवर आहे. संगणकात माझे नाव टाईप करा, मी क्षणात सापडेन. फोटो आहे, लांबी आहे, वजन आहे. मूळ जागेच्या रकान्यात नचिमुन्याने लिहिले आहे, "माहीत नाही." लिहिताना ती रडली. मला तिचा राग येतो, आणि ती एकटीच रडली याचाही येतो.

मित्रांनो, नोंदी जरूर करा, कपाटातल्या पेट्या उघडा, सगळ्यांना सगळे शोधता येऊ द्या. माझा त्याला विरोध नाही, मी तर त्याचीच वाट पाहत होतो. फक्त नकाशावर ठिपका ठेवाल तिथे एकदा पायांनी जाऊन या. आणि जायचे तर खुंटा जमिनीत आहे तोवर जा.